मेहरून आपाची वेणी

मी मेहरून परकारवर आठ वर्षं जळत आले आहे. त्यातली सहा वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि शेवटची दोन वर्षं ती या देशातच नाही. माणूस नजरेआड झालं की हेवा ओसरतो म्हणतात, ते साफ खोटं. गेल्या आठवड्यात लाइनवर नवीन आलेली नेपाळची मुलगी मला विचारते, "मॅडम, ये आपा कौन थी? सब लोग आपा आपा करते हैं।" मी म्हटलं, "थी एक. तुम काम करो." आणि तरातरा केबिनमध्ये येऊन बसले. मग स्वतःलाच म्हटलं, वैशाली, एवढी धुसफुसतेस तर एकदा सरळ सांगून तरी टाक, कोण होती ती.

आमची फॅक्टरी दुबईपासून तासाभरावर, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आहे. आम्ही आधी दुबईत अल मनखूलला राहायचो, एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं आणि एकच किचन. तिथलं भाडं झेपेना म्हणून इकडे आलो. नवरा रोज गाडी हाकत दुबईला जातो आणि मी दहा मिनिटांत कामावर पोचते. मी कराडची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. हे मी सगळ्यांना सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

मी लागले तेव्हा आमची एकच शेड होती. एका बाजूला गाड्यांचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला नुसती वाळू आणि त्यात कुणाच्या तरी बकऱ्या. मग बघता बघता शेडमागे शेड उभी राहिली. कुणी एसी जोडतं, कुणी पाण्याचे पंप, कुणी हॉटेलच्या चिमण्या. इथे मुळापासून काही बनत नाही. सुटे भाग चीनमधून, कोरियातून कंटेनरने येतात, आम्ही जोडतो आणि डबे भरून सौदीला नाहीतर आफ्रिकेला पाठवतो. बारीक जोडकामाला बायकांची बोटं लागतात असं कुठल्या तरी साहेबाला कळलं आणि नेपाळ, फिलिपिन्स, श्रीलंका, केरळ, सगळीकडून मुली यायला लागल्या. ज्या रस्त्यावर आधी बाई दिसली की ट्रकवाले माना वळवायचे, तिथे लेडीज टेलर आला, पार्लर आलं, घरी पैसे पाठवायचं काउंटर आलं. कॅफेटेरियातला मल्याळी पोराटोरांना सोडून मुलींना आधी चहा द्यायला लागला.

आमचं काम वायरींचं. मोठ्या मशीनच्या पोटात रंगीत वायरींची जी जुडी असते ना, ती आम्ही बांधतो. ऑफिसात तिला हार्नेस म्हणतात. समोर उभा लाकडी फळा, त्यावर खुंट्या ठोकलेल्या. लाल वायर या खुंटीवरून, काळी त्या खुंटीवरून, अशा अंथरत न्यायच्या, टेपने गुंडाळायच्या, टोकांना कनेक्टर लावायचे. कुठली वायर कुठून न्यायची याचा चित्रांसकट कागद फळ्याशेजारी लावलेला असतो. तो कागद बनवणं, बदल झाला की नवा लावणं, वाचला म्हणून लाइनच्या मुख्य बाईची सही घेणं हे काम माझं. प्रत्येक कागदाला मी प्लास्टिकचं आवरण चढवायची. माझे कागद बघून एकदा हेड ऑफिसचा माणूस म्हणाला होता, व्हेरी क्लीन. तेवढंच मला आयुष्यात मिळालेलं सर्टिफिकेट.

मेहरून आली ती पॅकिंगला. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातली, उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. नवरा मासळीच्या कंपनीत व्हॅन चालवायचा, मुलगी शाळेत. काळा अबाया, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि गळ्यात नाडीला अडकवलेली छोटी कात्री. काम नुसतं डबे भरायचं, पण तिसऱ्याच दिवशी तिने भरलेल्या डब्यातून एक जुडी बाहेर काढली आणि थेट माझ्याकडे घेऊन आली.

"मॅडम, हिची पिवळी खय गेली?"

बघते तर खरंच पिवळी वायर नव्हती. चेकरने नुसत्या नजरेने पास केलेली होती; तपासायचं मशीन तेव्हा अजून आलं नव्हतं. तिला काय, इतर डब्यांत पिवळं दिसत होतं, इथं दिसलं नाही, एवढंच. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटलं, आली मोठी शहाणी. पण कुरियन सरांनी, म्हणजे आमच्या प्लांट मॅनेजरनी, ते बघितलं आणि महिन्याभरात तिला लाइनवर घेतलं.

ती जुडीला वेणी म्हणायची. "मुलीची वेणी कशी घालतात, तशीच ही. फक्त हिला पेड तीन नसतात, सहा असतात." वायरी तपासायचं जे मशीन होतं, वायर चुकली की किंचाळायचं, त्याला ती सासूबाई म्हणायची. "सासूबाई वरडली गो, कुणाचं काय चुकलं?" म्हटलं की सगळी लाइन खिदळायची. श्रीलंकेच्या मुलीसुद्धा ससुबाई म्हणायला लागल्या. एकदा कुरियन सर फोनवर मेंटेनन्सवाल्याला म्हणाले, "सासूबाई का बटन काम नहीं करता," आणि मग आपण काय बोललो म्हणून इकडे तिकडे बघायला लागले.

आणि तिचं ते गाणं! त्याचाच मला सगळ्यात जास्त राग.

झालं असं, की माझे कागद इंग्रजीत. अर्ध्या मुलींना वाचता येत नाही, ज्यांना येतं त्यांना वाचायला वेळ नाही. मेहरूनला तर इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं. ती मला म्हणाली, "तू मला एकदा मराठीत वाचून दाखव, मी बघते." मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ही फळ्यासमोर उभी राहून वायरी अंथरतेय आणि तिच्या गावाकडे लग्नात मेंदी लावताना बायका गातात त्या चालीवर म्हणतेय:

लाल निघाला, काळा निघाला, दोघं गेले बाजारी,
पिवळी नवरी मधी बसली, हिरवी तिच्या शेजारी,
करडा म्हातारा थकला गो बाई, दुसऱ्या खुंटीला उतरला,
निळा पोरगा धावत गेला, शेवटच्या दारी पोचला.

गाणं संपलं की वेणी पुरी. आठ दिवसांत सगळी लाइन ते गायला लागली. अर्थ कळायची गरजच नव्हती. कुठल्या शब्दाला हात कुठे न्यायचा एवढं कळलं की झालं. फिलिपिन्सची जोसी "काराडा मातारा" म्हणायची आणि बरोब्बर करडी वायर दुसऱ्या खुंटीवरून बाहेर काढायची. वेणीगणिक वेळ कमी झाला, चुका जवळजवळ थांबल्या. माझे कागद भिंतीवर लटकत राहिले. एकदा तर मी पाहिलं, कुणीतरी माझ्या कागदाच्या प्लास्टिकवर आपला स्कार्फ वाळत घातला होता.

मेहरून लाइनची मुख्य बाई झाली आणि मग ती पद्धतच पडली. कंपनीने वायरींत काही बदल केला की ईमेल मला यायचा, मी नवा कागद बनवायची आणि सही घेताना तिला मराठीत वाचून दाखवायची. ती डोळे मिटून ऐकायची, ओठ हलवायची आणि म्हणायची, "झालं. हिरवीला आता शेजारी नको, मागं बसवते." दुसऱ्या दिवशी नवं कडवं. मग ती कागदावर उजवीकडून डावीकडे उर्दूत सही करायची, सावकाश, जीभ बाहेर काढून.

एकदा कस्टमरचे लोक तपासणीला आले. मी चार दिवस राबून सगळे कागद नवे छापले. त्यातल्या एका गोऱ्याने जोसीला विचारलं, तुला कसं कळतं कुठली वायर कुठे? आता माझ्या कागदाकडे बोट दाखवावं की नाही? बाईसाहेब गायला लागल्या. मग शेजारची, मग तिच्या शेजारची. गोऱ्याने फोन काढला आणि व्हिडिओ घेतला. वर मला म्हणाला, याचा अर्थ सांगा. मी, डिप्लोमा होल्डर, शेडच्या मधोमध उभी राहून थकलेल्या म्हाताऱ्याचं आणि नवरीचं इंग्रजी भाषांतर करत होते आणि मेहरून मागे तोंडाला रुमाल लावून हसत होती. जाताना त्याने हात कुणाशी मिळवावा? ती हात मिळवत नाही, तिने छातीवर हात ठेवून मान लववली. माझा हात पुढे झाला होता, तो त्याला दिसलाच नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्यातेवढ्यात काय जळायचं. पण हे असंच साठत जातं. ती सकाळी आली की आधी वेण्यांचा आकडा बघायची नाही, मुलींचे चेहरे बघायची. कुणाचे डोळे सुजलेत, कुणाला पाळी आलीय, कुणाच्या घरून फोन आलाय. "तू आज बसून कनेक्टर लाव, उभी राहू नको." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मीही एकदा तसं करून बघितलं. एका मुलीला म्हटलं, "आर यू ओके?" ती घाबरून म्हणाली, "सॉरी मॅडम."

फॅमिली डेला माझी मुलगी आर्या दिवसभर तिच्या मांडीवर. आर्या माझ्याशी इंग्रजीशिवाय बोलत नाही; मी मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत. आणि मेहरूनसमोर ती "आपा, मला अजून एक वेणी" म्हणत होती. मराठीत! रात्री मी म्हटलं, "माझ्याशी का नाही गं बोलत अशी?" तर म्हणाली, "मम्मा, आपा इज फनी." माझा नवराही तिच्याच बाजूचा. तिने दिलेलं बांगड्याचं तिखलं चाटूनपुसून खाऊन म्हणतो, "वैशाली, विचार की तिला, काय घालते." मी नाही विचारलं.

पण खायची मीही. हे कबूल करायला हवं. अकरा वाजले की ती डबा उघडायची आणि माझ्याकडे न बघताच अर्धा भाग झाकणात काढून सरकवायची. "हात डोक्यानं नाय चालत गो, पोटानं चालतो. खा." जेवताना आम्ही दोघीच मराठी, म्हणून ती मला सगळं सांगायची. सासूचं, दिराचं, गावातल्या आंब्यांचं. मीही सांगायची. ऐकणाराला वाटलं असतं, काय मैत्री आहे! आणि ती होतीही. जिच्या डब्यातलं खावं तिच्यावरच जळावं, हे एकाच वेळी माणसाला जमतं. मला जमलं.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

तिसरी शेड उभी राहत होती. नवा कस्टमर, दुप्पट लाइन आणि तिथे सुपरवायझर हवी होती. कंपनीत मला नऊ वर्षं झाली होती. मी मनात धरूनच चालले होते. नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, आर्याला सांगितलं होतं. एवढंच काय, कराडला आईला फोनवर "इन्शाल्ला" म्हणून मोकळी झाले होते. आई म्हणाली, "हे काय बोलायला लागलीस?"

त्याच सुमारास एकदा जेवताना मेहरून म्हणाली, "कंपनी बंद होतेय गो, ह्याची." नवऱ्याची मासळीची कंपनी. त्याला त्यात शुगर, पायाला जखम झालेली, दुसरीकडे कोण घेणार? नवऱ्याचा व्हिसा गेला की त्याच्यावरचा मुलीचाही जाणार, आणि मुलगी दहावीत. "माझा पगार तेवढा असता तर मी दोघांना माझ्या व्हिसावर घेतलं असतं. तिसऱ्या शेडचं काय होतंय बघू. तुझं झालं तर तुझं, माझं झालं तर माझं. तू वाईट वाटून घेऊ नको हां." मी म्हटलं, "छे गं, वाईट कसलं!" आणि घास गिळला.

पंधरा दिवसांनी कुरियन सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते म्हणाले, "वैशाली, शेड थ्री मेहरून को देंगे। उसको इंग्लिश नहीं आता, तो पेपरवर्क तुम हेल्प करना। तुम दोनों सिस्टर जैसा है ना।" तिच्या बढतीची ऑर्डर पुढच्या महिन्यात निघणार होती. मी "शुअर सर" म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नळ सोडून उभी राहिले. चौथी पास बाई सुपरवायझर, आणि मी तिची हेल्पर!

त्याच दुपारी ईमेल आला. कस्टमरच्या मशीनचं झाकण बदललं होतं, म्हणून करडी वायर आता दुसऱ्या नाही, तिसऱ्या खुंटीवरून बाहेर काढायची होती. एवढाच बदल. मी कागद बनवला. चित्रात बाण हलवला, खाली इंग्रजीत ओळ लिहिली, वरचा नंबर बदलला, प्लास्टिक चढवलं आणि सही घ्यायला लाइनवर गेले.

तिने नेहमीसारखे डोळे मिटले. म्हणाली, "बोल, काय बदललंय?"

मी म्हटलं, "वरचा नंबर बदललाय."

खोटं नव्हतं. नंबर बदललाच होता. तिने डोळे उघडले, म्हणाली, "एवढंच?" मी पेन पुढे केलं. तिने सावकाश सही केली. मी कागद भिंतीवर लावला, अगदी सरळ, चारही कोपरे दाबून.

तुम्हाला वाटेल मी कट केला. देवाशप्पथ सांगते, कट वगैरे मला सुचतही नाही. मी स्वतःला म्हणत होते, उद्या सांगू. तोंड बघू दे तिचं कसं होतं, एक दिवस चुकू दे, मग सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता कसं सांगायचं, ती विचारेल काल का नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, चेकर पकडेलच की. पण आमचा चेकर विष्णू, तोही त्याच गाण्यावर तपासायचा! गुणगुणत वेणीवरून बोट फिरवायचा आणि शिक्का मारायचा. आणि सासूबाईला फक्त करंट जातो की नाही एवढंच कळतं. वायर कुठल्या खुंटीवरून बाहेर आली ते तिला काय कळणार? माझ्या डोळ्यांदेखत करडा म्हातारा दिवसातून शेकडो वेळा दुसऱ्या खुंटीला उतरत होता आणि मी काचेच्या आत बसून ऐकत होते.

कंटेनर सौदीला गेला आणि परत आला. वायर पोचत नाही, झाकण बसत नाही, त्यांची लाइन बंद पडली. कुरियन सर एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. सगळ्यांना भिंतीपाशी उभं केलं. कागद बघितला तर कागद बरोबर. सही बघितली.

"ये किसका साइन है?"

"मेरा है, सर," मेहरून म्हणाली.

"वैशालीने समझाया नहीं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. फार वेळ नाही, श्वास घ्यायला लागतो तेवढाच. मी भिंतीवरच्या कागदाचा कोपरा अंगठ्याने दाबायला लागले.

"समझाया होगा सर. मेरा ध्यान नहीं था।"

पुढे काय व्हायचं तेच झालं. पाच दिवस तिने सगळ्या मुलींना घेऊन एकेक वेणी उकलली, करडी वायर सोडवली आणि पुन्हा घातली. गाण्यात तिसरी खुंटी आणली. एकाही मुलीला बोल लावला नाही. माल वेळेत परत गेला, पण हेड ऑफिसने तिचं नाव कापलं. म्हणाले, लाइनवर राहू दे, सुपरवायझर नको. आणि तिसरी शेड मला मिळाली. ऑर्डर देताना कुरियन सर म्हणाले, "मेहरून ने ही बोला, कागज पढ़नेवाली को दो।" हे कौतुक होतं की टोमणा, मी अजून ठरवू शकलेले नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, "पेढे वाट." मी वाटले. मेहरूननेही घेतला आणि अर्धा मोडून जोसीला दिला.

दोन महिन्यांनी मेहरूनचं कुटुंब गावी निघालं. नवऱ्याचा व्हिसा खलास, मुलीचा खलास. मुलीची परीक्षा नुकतीच संपली होती, तेवढंच नशीब. आजारी माणूस आणि वयात आलेली पोर तिकडे एकटी कशी ठेवायची, म्हणून तिने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी लाइनवर रडारड झाली. मुलींनी वर्गणी काढून तिला सोन्याच्या छोट्या कुड्या दिल्या. श्रीलंकेच्या मुली पाया पडायला लागल्या, ती "अगो उठा, गुनाह लागेल" म्हणत मागे सरकत होती. मी काचेतून बघत होते. खरं सांगू, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, मी गेले तर कुणी एवढं रडेल का? माझ्यासाठी वर्गणी निघेल का?

शनिवारी मी तिच्या घरी गेले. जुन्या बाजारामागची बिल्डिंग, तिसरा मजला. हॉलमध्ये खोके, टेपचे रोल, नवरा सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेला. मुलीने दार उघडलं आणि "हाय आंटी" म्हणून फोन घेऊन आत गेली. मेहरून जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. म्हणाली, "बस गो, चहा टाकते." मी म्हटलं, नको. मी उभीच राहिले. रात्रभर जे पाठ केलं होतं ते सगळं उडून गेलं.

"आपा, तो कागद... त्या दिवशी..."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. पातेलं गुंडाळत राहिली.

"कधीपासून?"

"माल परत आला तेव्हा मागचे दिवस आठवले. सही घेतलीस त्या दिवसापासून तू माझ्या डब्यातलं खात नव्हतीस. बोललीस, पोट बिघडलंय. पंधरा दिवस कुणाचं पोट बिघडतं गो?"

नवरा टीव्हीकडे बघत होता. त्याला ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. मी हळूच विचारलं, "मग सरांना सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? सही तर माझीच होती. माझं जायचं ते गेलंच असतं, वर तुझंही गेलं असतं. मग एका पगारात तुमचं भागलं नसतं आणि तुझ्या आर्यालाही असंच खोक्यात सामान भरायला लागलं असतं." तिने पातेलं खोक्यात ठेवलं आणि मग पहिल्यांदा मान वर केली. "पण माफ केलं असं मी बोलणार नाय हां, वैशाली. लोकं बोलतात, तोंडानं सोपं असतं. मी नमाजाला बसले की बघते करून. अजून होत नाय."

मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. मी म्हटलं, "होईल तेव्हा कळव." काय बोलले मी हे! पण तेच तोंडातून निघालं. ती म्हणाली, "बघू."

मग ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत आली. चपला न घालताच. लिफ्ट आली. मी आत गेले आणि दाराच्या मधे हात धरून ठेवला, अजून काहीतरी बोलायचं म्हणून. खालच्या मजल्यावरून कुणीतरी दार आपटत होतं.

"यल्ला, जा आता," ती म्हणाली. "लिफ्ट अडवून ठेवू नये, लोकं खोळंबतात."

मी हात काढला. दार मिटताना दिसलं ते एवढंच, की ती अनवाणी उभी होती आणि तिने पाठ फिरवली नव्हती. लिफ्ट खाली निघाली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की माझ्या दारात असं कुणी आलं असतं, तर मी गोडगोड बोलून चहा पाजला असता आणि आयुष्यभर त्याच्या नावाने बोटं मोडली असती. हिला खरं बोलता आलं. खाली पोचेपर्यंत मी त्याच्यावरही जळत होते.